छातीवरच्या दोऱ्या

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक यायचं ते बॅन्डवाल्यांचं. कराडच्या मंडईमागच्या गल्लीत आठ बाय दहाचं दुकान. दोन मशिनी, एक बेतायचं टेबल, आणि वरच्या माळ्यावर आई आणि मी, काज-बटणाला. बॅन्डचा मालक सायकलच्या कॅरिअरवर लाल सॅटिनचा तागा बांधून आणायचा. पुण्याच्या रविवार पेठेतून आणलेली सोनेरी लेस, पिवळी दोरी, खांद्यावरची झालर आणि पितळी बटणांची पिशवी वेगळी. अठरा कोट, लग्नसराईच्या आत. मापं घेताना ट्रम्पेटवाला पोट आत ओढायचा आणि अण्णा त्याला म्हणायचे, "सोड गड्या पोट, वाजवायचंय तुला."

या कोटांचं सगळ्यात किचकट काम म्हणजे छातीवरच्या दोऱ्या. एका बाजूच्या बटणापासून दुसऱ्या बाजूच्या बटणापर्यंत आडव्या, एकाखाली एक, सरळ ओळीत. मधे गाठ, टोकाला वेटोळं. एक दोरी जरा तिरकी बसली की सगळा कोट वाकडा दिसायचा. आणि गंमत अशी की त्या दोऱ्यांनी काहीही अडकत नसे. कोट लागायचा आतल्या हुकांवर. मी तेव्हा नववीत होते. विचारलं, "अण्णा, ह्यानं काही बंद होत नाही, मग ह्या लावायच्या कशाला?" तोंडातल्या टाचण्या न काढता अण्णा म्हणाले, "शोभेला."

त्या उत्तराने माझं समाधान झालं नव्हतं, पण अठरा कोट गुणिले सात दोऱ्या हा हिशोब समोर असताना माणूस फार विचार करत नाही. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी पॅरिसमध्ये एका काचेच्या कपाटासमोर मी उभी राहिले आणि आमच्या बॅन्डचा कोट मला दिसला. लाल नव्हता, आकाशी होता. दोऱ्या सात नव्हत्या, त्याच्या दुपटीहून जास्त होत्या. पण वेटोळं तेच.

पोरगी तिथे शिकायला आहे म्हणून गेले होते. तिने आखलेल्या यादीत अँव्हालीदचं नाव होतं ते नेपोलियनच्या समाधीसाठी. चौदाव्या लुईने 1670 मध्ये जायबंदी सैनिकांसाठी ही प्रचंड वास्तू बांधायचा हुकूम काढला. हात-पाय गमावलेले, म्हातारे झालेले शिपाई इथे राहायचे आणि ज्यांना जमेल ते इथल्या कारखान्यांत काम करायचे: जोडे शिवणं, गालिचे विणणं आणि गणवेश शिवणंसुद्धा. हे वाचल्यावर माझं समाधीकडे लक्षच राहिलं नाही. समाधी पाहिली, मोठी आहे. मग लष्कराच्या संग्रहालयात शिरले ती संध्याकाळी दारं बंद होईपर्यंत. पोरगी दोन तासांनी वैतागून म्हणाली, "आई, तू इतिहास बघायला आलीयस की शिलाई?"

शिलाईच. आणि ती सगळी हाताची. शिवणयंत्र तेव्हा नव्हतंच. बार्तेलमी तिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याने 1830 मध्ये साखळी टाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, पॅरिसमध्ये ऐंशी यंत्रं बसवून लष्कराचे कपडे शिवायला घेतले, आणि पुढच्याच वर्षी पोटावर पाय येणार म्हणून चिडलेल्या शिंप्यांनी कारखान्यात घुसून ती यंत्रं मोडून टाकली. म्हणजे नेपोलियनच्या काळात प्रत्येक रेजिमेंटच्या मुख्य ठाण्यावर एक मास्तर-शिंपी, त्याच्या हाताखाली बसलेले कारागीर, आणि शेकडो घोडेस्वारांच्या अंगावर चढणारा एकेक टाका बोटांनी घातलेला.

त्या दोऱ्यांचं उत्तर हंगेरीत आहे. तुर्कांच्या सरहद्दीवर लढणारे हलके घोडेस्वार, हुसार, आखूड घट्ट बंडी घालत. ती बंद करायला काज नसे, दोरीचा फास असे. एका बाजूला फास, दुसऱ्या बाजूला गुंडी. थंडीत बधिर झालेल्या बोटांनी काजापेक्षा फास लवकर लागतो, हे ज्याने बाराबंदीचे बंद बांधलेत त्याला सांगावं लागत नाही. फ्रान्समध्ये हंगेरीच्या एका निर्वासित सरदाराने, बेर्चेन्यीने, 1720 मध्ये हुसारांची रेजिमेंट उभी केली, आणि अशा रेजिमेंटींबरोबर हा पोशाख आला. मग जे नेहमी होतं तेच झालं. फास लांबले, संख्या वाढली, सुताचे रेशमाचे झाले, रेशमाचे जरीचे झाले. नेपोलियनच्या हुसारांच्या छातीवर बटणांच्या तीन, पुढे पाच उभ्या ओळी आल्या आणि त्यांच्यामधून दोऱ्यांच्या आडव्या रांगा. अण्णा चूक नव्हते. फक्त 'शोभेला' व्हायच्या आधी त्या दोऱ्या कामाला होत्या.

हुसाराचा बाकीचा थाटही असाच आहे. आतल्या बंडीला म्हणायचं दोलमान. तिच्यावर दुसरी, लोकरी केसांचा काठ लावलेली बंडी, पेलीस. ही थंडीत अंगात घालायची, एरवी डाव्या खांद्यावर नुसती लटकवायची. तलवारीचा वार अडतो असं समर्थन देत. आपल्याकडे शालजोडी खांद्यावर टाकणारे लोक निदान असलं काही समर्थन देत नाहीत. तुमान इतकी घट्ट की तिला खिसा शिवता येत नाही, म्हणून तलवारीच्या पट्ट्याला घोट्यापर्यंत लोंबणारी चपटी चामडी पिशवी, साब्रताश. एका खिशासाठी दुसरा कपडा निर्माण करायचा हे मी प्रथमच पाहिलं. आणि रंग! पहिल्या रेजिमेंटचं सगळं आकाशी. दुसरीचं दोलमान तपकिरी. तिसरीचं रुपेरी राखाडी. पाचवीची पेलीस पांढरी, चौथीची लालभडक, सातवीचं दोलमान हिरवं आणि तुमान लाल. एका मोहिमेला चार रेजिमेंटी निघाल्या की पैठणच्या पेठेतून वरात निघाल्यासारखं दिसत असेल.

कपडा वापरलेला आहे की नाही हे ओळखायला अण्णांनी मला तीन जागा शिकवल्या होत्या. कॉलरची आतली बाजू, कोपर आणि काख. कॉलर मळते, कोपराला चमक येते, आणि काख खोटं बोलत नाही. काचेतून काख दिसत नाही, पण कॉलर आणि कोपर दिसतात. मी कपाटामागून कपाट बघत गेले. कोपराला चमक नाही. कॉलरची जर काळवंडलेली, पण घामाने नव्हे, वयाने. जरीच्या दोऱ्या जिथल्या तिथे. तुमानीच्या आतल्या बाजूला, जिथे खोगिराशी मांडी दिवसाचे दहा तास घासते, तिथे कापडाची लव शाबूत.

हे कपडे लढाईला गेलेच नव्हते. निदान लढाईत फार वेळ अंगावर राहिलेले नव्हते. बहुतेक अधिकाऱ्यांचे आहेत. अधिकारी आपला पोशाख स्वतःच्या पैशाने, शहरातल्या चांगल्या शिंप्याकडून शिवून घेई, त्याच्याकडे संचलनाचा वेगळा, वावरायचा वेगळा असे जोड असत. पेटीत ठेवला, घरी राहिला, मुलाने जपला, नातवाने विकला. साध्या स्वाराचं तसं नव्हतं. सरकारी कपड्याला मुदत ठरलेली. मुदत संपेपर्यंत तो विरायचा, आणि विरल्यावरही टाकून देत नसत. जुन्या कोटातून आरामाची टोपी निघे, दुसऱ्याच्या कोपराला ठिगळ निघे. आमच्या घरात आजीची एकच पैठणी आहे, तिने ती आयुष्यात पाच-सहादा नेसली असेल. जी लुगडी ती रोज नेसायची त्यांच्या गोधड्या झाल्या, गोधड्यांची पायपुसणी झाली. आज कुणी आमच्या घरचं वस्त्रसंग्रहालय काढलं तर त्यातून असं दिसेल की आजी जन्मभर पैठणी नेसून वावरत होती.

मोहिमेवर तर हे सगळं वैभव झाकलेलंच असायचं. टोपीवर मेणकापडाची खोळ, तुरा काढून गुंडाळून ठेवलेला, अंगावर घोंगड्यासारखा जाड झगा, आणि त्या घट्ट तुमानीवर दुसरी ढगळ विजार, दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत बटणं आणि मांडीच्या आत चामडं शिवलेलं. ते चामडं लावणारा माणूस मला भेटायला हवा होता. त्या सगळ्या दालनांत खरा विचार त्याने केला होता.

ह्या पोशाखासाठी माणसं काय काय करत याची एक गोष्ट मार्बोने आपल्या आठवणींत सांगितली आहे. पुढे सेनापती झालेला हा मार्बो 1799 मध्ये सतराव्या वर्षी पहिल्या हुसार रेजिमेंटमध्ये भरती झाला. हुसाराला मिशा हव्यात, कानशिलांवरून लोंबणाऱ्या वेण्या हव्यात. पोराला दोन्ही नव्हतं. वेण्या खोट्या बांधल्या, आणि मिशांचं काय, तर काळ्या मेणाने तोंडावर रंगवल्या. ऊन लागलं की मेण वितळायचं आणि सुकताना कातडी ओढायचं. पण रांगेत एक ओठ कोरा दिसून चालणार नव्हतं. आमच्या बॅन्डमध्येही क्लॅरिनेटवाल्याचा तेरा वर्षांचा पोरगा होता, त्याला झांज देऊन उभा करत. त्याच्या कोटाच्या बाह्या आम्ही आत दुमडून कच्च्या टाक्यावर ठेवायचो, दर वर्षी थोड्या सोडायच्या.

मार्बो जगला, म्हातारा झाला. लासाल नाही झाला. हुसारांचा हा लाडका सेनापती म्हणायचा की तिशीपर्यंत जो हुसार मेला नाही तो हलकट. पाचवी आणि सातवी हुसार घेऊन 1806 मध्ये त्याने प्रशियातल्या श्टेट्टिनच्या किल्ल्याला दम भरला. आतली शिबंदी त्याच्या स्वारांच्या कितीतरी पट होती, मागे वेढ्याच्या मोठ्या तोफा नव्हत्या, तरी किल्ला शरण आला. मला नेहमी वाटतं की त्या दिवशी निम्मं काम कपड्यांनी केलं असणार. इतक्या दिमाखात दारापुढे येणाऱ्याच्या मागे फौज असलीच पाहिजे असं कुणालाही वाटेल. 6 जुलै 1809 ला वाग्रामच्या लढाईत त्याच्या कपाळात गोळी बसली. वय चौतीस. स्वतःच्या हिशोबाने चार वर्षं उशीर. त्याच्या अस्थी नंतर ह्याच अँव्हालीदमध्ये आणून ठेवल्या.

निळ्या रंगासमोर मी बराच वेळ थांबले, कारण तो फिकट झाला नव्हता. खरी नीळ अशीच असते. आणि खरी नीळ हीच नेपोलियनची अडचण होती. फ्रान्सची नीळ यायची सॅन-डोमिंग या कॅरिबियन वसाहतीतल्या गुलामांच्या मळ्यांतून. तिथे गुलामांनी उठाव केला आणि मळे गेले. दुसरी नीळ होती आपल्याकडची, बंगालची, पण ती इंग्रजांच्या जहाजांत. आणि इंग्रजांचा माल युरोपात येऊ द्यायचा नाही असं फर्मान नेपोलियनने स्वतःच 21 नोव्हेंबर 1806 ला बर्लिनहून काढलेलं. सैन्य निळं, नीळ शत्रूच्या ताब्यात. त्या सुमाराला त्याने पायदळाला पांढरे कोट देऊन पाहिले. फेब्रुवारी 1807 मध्ये रशियनांशी झालेल्या आयलाऊच्या लढाईत, बर्फात, पांढऱ्या कापडावरचं रक्त पाहून त्याने तो बेत सोडला असं सांगतात. मग शेतकऱ्यांना पॅस्टेल नावाची जुनी युरोपी निळी पेरायला लावली, रसायनशास्त्रज्ञांना प्रशियन निळा या रासायनिक रंगाच्या मागे लावलं. चंपारणच्या रयतेच्या जमिनीतली नीळ पुढे आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत झाली. पण एका सम्राटाला त्याच्या सैन्याचा रंग मिळू नये एवढी ताकद त्या झाडात होती, हे शाळेत कुणी सांगितलं नाही.

आयलाऊचंच नाव निघालं तर म्युरा. खानावळवाल्याचा मुलगा, नेपोलियनचा मेहुणा, पुढे नेपल्सचा राजा, आणि माझ्या मते त्या काळातलं शिंप्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. शहामृगाची पिसं, वाघाचं कातडं, जरीचे बूट, जे सापडेल ते अंगावर. आयलाऊला त्याने दहा हजारांच्या घरात घोडा बर्फातून रशियनांवर घातला आणि हरत चाललेली लढाई सावरली. पाच वर्षांनी हाच माणूस रशियात घोडदळाचा सेनापती होता, आणि तिथे त्याने घोड्यांचं जे केलं ते आमच्याकडच्या कुठल्याही पागेतल्या बारगिराने केलं नसतं. सकाळी खोगीर चढवायचं ते रात्रीपर्यंत उतरायचं नाही. दाणा नाही, हिरवं कोवळं धान्य खाऊन पोटं फुगलेली, पाठीला फोड. घोडे दमले म्हणून म्युरा चिडला तेव्हा नान्सूती नावाच्या सेनापतीने त्याला ऐकवलं म्हणतात की घोड्यांना देशभक्ती नसते. माणसं भाकरीवाचून लढतील, घोडे दाण्यावाचून लढत नाहीत.

24 जून 1812 ला नेमान नदी ओलांडून सुरू झालेल्या मोहिमेत जे सहा लाखांच्या आसपास सैन्य उतरलं त्यातलं घोडदळ मॉस्कोहून परतताना पायीच होतं. अखेरीस ज्या अधिकाऱ्यांकडे अजून घोडा आहे त्यांचीच एक तुकडी सम्राटाच्या रक्षणाला केली. तिच्यात सेनापती हे कप्तानाचं काम करत होते आणि कर्नल हे हवालदाराचं. तिचं नाव ठेवलं 'पवित्र तुकडी'. गणवेश कुठे होता? लोक बायकांचे फरचे झगे, गालिचे, पाद्र्यांचे अंगरखे, जे मिळेल ते गुंडाळून चालत होते. इतक्या रंगांच्या, इतक्या रेजिमेंटी, आणि शेवटी सगळ्यांचा एकच वेष झाला, चिंध्यांचा.

ती माणसं सापडली 2001 मध्ये. लिथुएनियातल्या व्हिल्नियस शहरात जुन्या सोव्हिएत बराकींच्या जागी खोदकाम चालू असताना हाडं लागली, तीन हजारांहून जास्त माणसांची. डिसेंबर 1812 मध्ये तिथवर पोचून मेलेले. कापडाचे तुकडे होते, आणि बटणं होती. बटणांवर रेजिमेंटचा आकडा असतो, तेवढ्यावरून कोण कुठल्या तुकडीचा ते लागलं. (रशियाच्या थंडीत कथिलाच्या बटणांची भुकटी झाली आणि म्हणून नेपोलियन हरला ही गोष्ट शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला रंगवून सांगितली होती. बाई, बटणं टिकली. माणसं गेली.) मातीत उवांचे अवशेषही मिळाले. 2006 मध्ये फ्रेंच संशोधकांनी त्या उवांतून आणि दातांतून खंदकज्वर आणि प्रलापक सन्निपात, म्हणजे टायफस, या रोगांचे जंतू ओळखले; अगदी अलीकडे पॅराटायफॉइडचे आणि उवांमुळेच होणाऱ्या उलटणाऱ्या तापाचेही सापडले.

अंगाची ऊ केसांत राहत नाही. ती कपड्यात राहते आणि अंडी शिवणीत घालते. हे वाचल्यापासून मला त्या काचेतल्या नेटक्या, दाट, दुहेरी शिवणी जरा वेगळ्या दिसतात. ज्या मास्तर-शिंप्याला आपली शिवण उसवणार नाही याचा अभिमान असेल, त्याच शिवणीत ते मरण मॉस्कोपासून व्हिल्नियसपर्यंत चाललं.

एक वस्तू मात्र ह्या संग्रहालयात अशी आहे की तिच्या वापराबद्दल शंका घेता येत नाही.

काराबिनिए म्हणून जड घोडदळाच्या दोन रेजिमेंटी होत्या. आधी त्यांना चिलखत नव्हतं, उंच अस्वली टोप्या होत्या. 1809 च्या मोहिमेत बरीच माणसं गेल्यावर नेपोलियनने त्यांना छाती-पाठीचं कवच दिलं, पोलादावर पितळ मढवलेलं, आणि पितळी शिरस्त्राण, वर लाल तुऱ्याची कमान. कोट पांढरा. उन्हात हे लोक सोन्याचे दिसत असणार. साध्या कवचधारी स्वारांचं कवच नुसतं पोलादी, पुढचा-मागचा पत्रा मिळून सात-आठ किलोंचा. लांबून आलेली बंदुकीची गोळी त्यावरून घसरायची, जवळून आलेली नाही. वॉटर्लूला चौकोन करून उभ्या असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की चिलखतांवर गोळ्या बसण्याचा आवाज खिडकीच्या तावदानांवर गारा पडाव्यात तसा येत होता.

18 जून 1815. दुपारनंतर नेपोलियनचा सेनापती मार्शल ने याने इंग्रजांच्या चौकोनांवर घोडदळ घातलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, हजारोंनी. त्यात दुसऱ्या काराबिनिएचा एक स्वार होता, आंत्वान फोव्हो, वय तेवीस. त्याचं कवच काचेत उभं आहे. उजव्या छातीवर भोक. गोळीचं नव्हे, तोफेच्या गोळ्याचं. पुढून आत शिरलं तिथे कडा आत वळलेल्या, पाठीच्या पत्र्यातून बाहेर पडलं तिथे पत्रा फाटून उलटा उमललेला. भोक एवढं की माझी मूठ सहज आत जाईल. त्यातून पलीकडची भिंत दिसते.

लोक त्याच्यासमोर येतात, भोकातून बघतात, फोटो काढतात, दोन पावलं मागे होतात. मीही झाले. त्या सगळ्या दालनांत वापरलेला म्हणावा असा हाच एक कपडा, आणि तोही कापडाचा नाही. धातू होता म्हणून राहिला. त्याच्या खालचा पांढरा कोट, सदरा, तुमान, बूट काही नाही. लढाईनंतर मेलेल्यांच्या अंगावर काही ठेवत नसत. आसपासचे शेतकरी नंतर कित्येक महिने पर्यटकांना चिलखतं विकत होते. वॉल्टर स्कॉटनेही त्याच उन्हाळ्यात तिथे जाऊन घेतली होती.

दुसऱ्या दिवशी पोरीने मला लूव्रला नेलं, तिच्या भाषेत 'खऱ्या कलेकडे'. तिथेही जेरिको या फ्रेंच चित्रकाराच्या दोन चित्रांनी मला धरलं. दोन्ही साडेतीन मीटर उंच. एक 1812 चं: शाही रक्षक दलातला अधिकारी उधळलेल्या घोड्यावर, मागे वळून बघतोय, खांद्यावर पेलीस उडतेय, खाली बिबट्याचं कातडं. दुसरं 1814 चं: जखमी कवचधारी, घोड्यावरून उतरलेला, उतारावरून लगाम धरून खाली येतोय, पाय घसरतोय, डोळे वर. मधल्या दोन वर्षांत रशिया झाला होता. मी जखम शोधत राहिले. कवच लखलखीत, तुमानीला डाग नाही, एक टाका उसवलेला नाही. जखम कुठेच रंगवलेली नाही. पोरगी म्हणाली, "ते त्याच्या चेहऱ्यावर आहे ना." असेल. मी शिंप्याची पोर, मी कापडात शोधत होते.

हरलेल्याचे कपडे जिंकणाऱ्याने घेतले ही ह्या गोष्टीतली मला सगळ्यात आवडलेली बाजू. इंग्रजांनी हुसार आधीच, 1806-07 च्या सुमाराला, उचलले होते. वॉटर्लूच्या पुढच्याच वर्षी त्यांनी पोलिश-फ्रेंच पद्धतीचे भालाईत उभे केले, चौकोनी माथ्याच्या टोप्यांसकट. चौथ्या जॉर्जच्या 1821 च्या राज्याभिषेकाला त्यांच्या राजरक्षक स्वारांनी चिलखतं घातली, आणि लंडनला जाऊन आलेल्यांनी ती अजूनही पाहिली असतील. मग हे दोऱ्या-झालरींचं सगळं प्रकरण त्यांच्या पलटणींबरोबर आपल्याकडे आलं. पलटणीच्या बॅन्डमधून संस्थानिकांच्या बॅन्डमध्ये, तिथून लग्नाच्या वरातीत, आणि वरातीतून अण्णांच्या टेबलावर. उलट दिशेनेही झालं. शिंद्यांच्या नोकरीत घडलेला जेम्स स्किनर 1803 मध्ये इंग्रजांकडे गेला आणि त्याने आपल्या स्वारांना पिवळे अंगरखे दिले. पुढे गोरे अधिकारीही असले अंगरखे नि फेटे घालून फोटोला उभे राहू लागले.

तलवारीचं तर आणखी मजेशीर. नोलन नावाच्या इंग्रज कप्तानाने 1853 मध्ये लिहून ठेवलंय. निजामाच्या अनियमित घोडदळाची एका चकमकीत रोहिल्यांशी गाठ पडली; हात, मुंडकी अशी साफ तुटलेली होती की त्याला वाटलं ह्या तलवारी खास काही असतील. चौकशी केली तर ती इंग्रजांच्या ड्रगून घोडेस्वारांनी मोडीत काढलेली जुनी पाती निघाली. आपल्या लोकांनी त्यांना नवी मूठ बसवली, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. इंग्रज स्वाराचं म्यान लोखंडाचं, चकचकीत. त्यात तलवार खडखडत राहते आणि धार मरते. वार शिकवता कसा, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, शिकवत नाही साहेब, धार असली की कुणाच्याही हातात कापते. लोखंडी म्यान संचलनात वाजतं छान, एवढाच त्याचा गुण.

रात्री अण्णांना फोन लावला. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, दुकान भावाने मोबाईलचं केलंय, पण एक मशीन घरी आहे. त्यांना सगळं सांगत बसले. हंगेरीचे फास सांगितले, तर म्हणाले, "म्हंजे कामाच्या होत्या म्हण की." नेपोलियनचं सांगितलं: सेंट हेलेना बेटावर त्याचा तो आवडता हिरवा कोट विटला, मनासारखं हिरवं कापड तिथे मिळेना, म्हणून त्याने तो उसवून आतली बाजू बाहेर करून शिवून घेतला म्हणतात. यावर अण्णा खूश झाले. कोट उलटवून देणं हे त्यांच्या तरुणपणी नेहमीचं काम होतं, मास्तर लोकांचे, कारकुनांचे. "बादशानं कोट उलटवला? मग खिसा उजवीकडं गेला असंल त्याचा."

मग भोक पडलेल्या चिलखताचं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आत अस्तर काय होतं?"

"काचेतून काही दिसलं नाही, अण्णा."

"अस्तर असणारच. नुसता पत्रा अंगावर घालून घोड्यावर कोण बसंल? चार कोस गेला तर सोलून निघंल."

होतं. मी दुसऱ्या कवचांवर पाहिलं होतं. आत कापूस-बिपूस भरून शिवलेली गादी, आणि गळ्याशी, मुंढ्याशी तिची लाल कापडाची, पांढऱ्या फितीची कड बाहेर डोकावते. तसं सांगितलं.

"मग ह्याचं कुठं गेलं?"

"गेलं असेल गोळ्याबरोबर."

"मधलं जाईल. कडेचं जात नाही. पुन्हा गेलीस तर मुंढ्याकडं बघ, दोरा कुठं अडकलाय का."